खालून वर ऐका: रँडी वेस्टन यांच्या जॅझमधली आफ्रिका

जॅझ ऐकायला बसलं की कान आपोआप वरच्या सुरांकडे धावतो. ट्रम्पेट काय म्हणतोय, सॅक्सोफोन कुठे निघालाय, पियानोचा उजवा हात काय गातोय. आपली सवयच तशी: आधी गायक, मग पेटी, तबला सगळ्यांत शेवटी. रँडी वेस्टन या पियानोवादकाकडे ही सवय घेऊन गेलं तर अर्धी मैफल हातातून निसटते. माझं तसंच झालं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आफ्रिका म्हणजे मागे वाजणारे ढोल, एवढंच हाती लागलं. बऱ्याच दिवसांनी एका रात्री दिवा बंद करून तेच ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं, या वेळी लक्ष फक्त पियानोच्या डाव्या हातावर. तेव्हा कळलं की ढोल मागे नव्हतेच, ते पियानोतच होते.

त्या रात्रीनंतर मला जी वाट सापडली ती इथे पायरीपायरीने मांडतो. आठवड्याला एक ध्वनिमुद्रण धरलं तर दोनेक महिने लागतील. घाई करू नका. पाश्चात्त्य संगीताचं शिक्षण लागत नाही. दादरा आणि केरवा हाताने धरता येत असेल तर तुमची निम्मी तयारी झालेली आहे.

बसण्याआधी

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नका. यातला महत्त्वाचा सगळा ऐवज मंद्र सप्तकात आहे आणि फोनचा छोटा स्पीकर नेमका तोच गिळतो. बरे हेडफोन किंवा खर्ज नीट देणारा एखादा जुना स्पीकर पुरतो. आवाज मोठा नको, पण खालचे सूर छातीला जाणवायला हवेत. दुसरं म्हणजे, एका बैठकीत एकच रचना, पण दोनदा. पहिल्यांदा नुसती ऐकायची. दुसऱ्यांदा सगळ्यांत खालचा आवाज पकडायचा, मग तो बास (जॅझमधलं खर्जातलं मोठं तंतुवाद्य) असो, ढोल असो की पियानोचा डावा हात. तोच धरून शेवटपर्यंत जायचं. वरचं गाणं आपोआप ऐकू येतं, त्याची काळजी नको.

वेस्टन यांच्याबद्दल थोडं माहीत असलेलं बरं. जन्म ६ एप्रिल १९२६, न्यूयॉर्कमधलं ब्रुकलिन. वडील पनामात जन्मलेले, मूळ जमैकाचं, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या एकजुटीसाठी झटणारे नेते मार्कस गार्व्ही यांच्या विचारांचे. तू अमेरिकेत जन्मलेला आफ्रिकन आहेस, हे त्यांनी मुलाच्या मनावर लहानपणापासून बिंबवलं. मुलगा साडेसहा फुटांच्या वर वाढला, पंजेही त्याच मापाचे. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती होऊन ओकिनावापर्यंत जाऊन आला. परतल्यावर खाणावळ सांभाळता सांभाळता थेलोनियस मंक या जॅझ पियानोवादकाच्या घरी जाऊन ऐकत बसायचा. मंक यांच्याकडून त्याने दोन गोष्टी घेतल्या: स्वर टोचला तरी तो ठामपणे लावायचा, आणि दोन स्वरांमधली जागा मोकळी सोडायला घाबरायचं नाही. या दोन्ही पुढे सगळीकडे भेटतील.

पायरी पहिली: आफ्रिकेचा विचार न करता सुरुवात

सुरुवात 'हाय-फ्लाय' आणि 'लिटल नाइल्स' या दोन रचनांनी करा. 'हाय-फ्लाय' त्यांच्या स्वतःच्या उंचीवर आहे. एवढ्या उंचावरून जमीन कशी दिसते, ही त्यामागची कल्पना. १९५९ साली न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह स्पॉट' क्लबमध्ये झालेल्या प्रत्यक्ष मैफलीचं ध्वनिमुद्रण मिळालं तर तेच घ्या, कारण तिथे सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स हे दिग्गज वादक आहेत. सुरावट सोपी आहे, दोन-तीनदा ऐकलं की गुणगुणता येते.

'लिटल नाइल्स' मुलासाठी लिहिलेली, तीन मात्रांची. नाइल्स हे मुलाचं नाव. पुढे तो अझेदिन या नावाने वडिलांच्याच वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवू लागला. १९५८ मध्ये याच नावाची जी तबकडी झाली तिच्यापासून मेल्बा लिस्टन यांची सोबत सुरू होते. लिस्टन ट्रॉम्बोन वाजवायच्या आणि वाद्यमेळाची रचना करायच्या. वेस्टन सुरावट आणि लय द्यायचे, कोणतं वाद्य कुठे कसं बोलेल हे लिस्टन ठरवायच्या. चार दशकं टिकलेली ही भागीदारी. वेस्टन यांच्या मोठ्या वाद्यमेळाची तारीफ करताना निम्मं श्रेय लिस्टनबाईंना द्यायला विसरू नका. बहुतेक जण विसरतात.

या आठवड्याचं काम एवढंच: दोन्ही रचना हातावर ठेका धरून ऐकायच्या. 'लिटल नाइल्स'मध्ये तीन मोजताना मधूनच दोनाचा भास होतो का ते पाहा. झाला, तर पुढची पायरी तुमच्यासाठीच आहे.

पायरी दुसरी: तीन आणि दोन एकाच हातात

हा भाग वगळू नका. पुढचं सगळं यावर उभं आहे.

आफ्रिकेच्या कितीतरी भागांतल्या संगीतात तीनाची आणि दोनाची लय एकाच वेळी चालते. एक संपून दुसरी सुरू होते असं नाही. दोन्ही एकत्र नांदतात, आणि ऐकणारा कधी हिच्यावर तर कधी तिच्यावर पाय ठेवतो. हे कानाने समजत नाही, हाताने समजतं. टेबलासमोर बसा. दादऱ्याच्या सहा मात्रा संथ मोजा. डाव्या हाताने पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर थाप द्या. दादऱ्याची टाळी आणि खाली जिथे येते तिथेच. हे सोपं आहे. आता डावा हात चालू ठेवून उजव्या हाताने पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मात्रेवर थाप द्या. पहिली थाप दोन्ही हातांची एकत्र पडते. पुढे क्रम असा: दुसरी मात्रा रिकामी, मग उजवा, डावा, उजवा, आणि सहावी मात्रा रिकामी.

सुरुवातीला हात अडखळतील. लय अर्धी करा. दोन-चार दिवस रोज पाच मिनिटं केलं की एका क्षणी मोजणं थांबतं आणि हात आपापले चालू लागतात. तेव्हा फक्त उजव्या हाताकडे लक्ष द्या: लय तीनाची. मग हात न बदलता लक्ष डावीकडे न्या: लय दोनाची. वाजणारं काहीच बदललेलं नाही, तुमचं ऐकणं बदललं. वेस्टन यांच्या संगीतात हेच तासन्‌तास करायचं आहे.

हात बसले की 'आफ्रिकन कुकबुक' लावा. १९६४ मध्ये वेस्टन यांनी सहा-सात जणांना घेऊन हे ध्वनिमुद्रित केलं आणि आधी स्वतःच काढलं. मोठ्या कंपनीकडून या नावाने तबकडी आली ती १९७२ मध्ये. टेनर सॅक्सोफोनवर बुकर एर्विन, ट्रम्पेटवर रे कोपलंड, कोंगा ढोलांवर बिग ब्लॅक. रचना लांबलचक आहे. एर्विन यांचा सॅक्सोफोन आर्त, थेट हाक मारल्यासारखा, त्यामुळे कान तिकडे ओढला जाणारच. ओढला गेला की परत खाली या. पियानो एकच छोटा आकृतिबंध पुन्हा पुन्हा वाजवत असतो, वर कोणीही काहीही वाजवो. भजनात बुवा आलाप घेतात तेव्हा टाळकरी आपली चाल सोडत नाहीत, तशीच ही जबाबदारी. इथे ती पियानोने उचललेली आहे, हे लक्षात घ्या.

पायरी तिसरी: 'उहुरू आफ्रिका'

उहुरू म्हणजे स्वाहिलीत स्वातंत्र्य. १९६० या एका वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये वेस्टन आणि लिस्टन यांनी वीसहून अधिक वादकांना एकत्र करून चार भागांची ही रचना ध्वनिमुद्रित केली. शब्द लँग्स्टन ह्यूज या कवीचे. आफ्रिकेतली कोणती भाषा वापरावी हे वेस्टन यांनी संयुक्त राष्ट्रांत आलेल्या आफ्रिकी मंडळींना विचारलं आणि स्वाहिली ठरली. कवितेचा अनुवाद टांगानिकाच्या (आताच्या टांझानियाच्या) तुंतेमेके सांगा यांनी केला. सुरुवातीला ऐकू येते ती तीच भाषा. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला ही तबकडी सहन झाली नाही आणि तिथे तिच्यावर बंदी आली.

ऐकताना सगळं एकदम ऐकू नका. पहिल्या दिवशी फक्त तालवाद्यं. नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी, क्युबाचे कँडिडो आणि अर्मांडो पेराझा, अमेरिकी ड्रमवादक मॅक्स रोच आणि चार्ली पर्सिप हे सगळे एकाच खोलीत आहेत. गुलामांच्या जहाजांनी जे ढोल तीन दिशांना विखुरले, ते इथे पुन्हा एकमेकांशी बोलताहेत, असं मला ऐकताना दर वेळी वाटतं. कातडी ढोलाचा उबदार आवाज आणि ड्रमसेटचा कोरडा आवाज वेगळे ओळखता येतात का पाहा. दुसऱ्या दिवशी 'आफ्रिकन लेडी' हा दुसरा भाग: मार्था फ्लॉवर्स आणि ब्रॉक पीटर्स गातात, ढोल मागे सरतात आणि लिस्टन यांचं काम उजळून दिसतं. तिसऱ्या दिवशी 'बंटू' आणि 'कुचेझा ब्लूज'. कुचेझा म्हणजे खेळणं, नाचणं. हा शेवटचा भाग अमेरिकन ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं) आहे आणि आफ्रिकन नाचही, आणि कुठे एक संपून दुसरं सुरू होतं ते दाखवता येत नाही. दाखवायचा प्रयत्न जरूर करा.

१९६१ मध्ये वेस्टन पहिल्यांदा नायजेरियात लागोसला गेले, १९६३ मध्ये पुन्हा गेले. त्यातून 'हायलाइफ' ही १९६३ ची तबकडी आली. हायलाइफ म्हणजे घाना-नायजेरियाकडचं ब्रास बँड आणि गिटारवर चालणारं शहरी नाचाचं संगीत. यातल्या दोन रचना पश्चिम आफ्रिकी संगीतकारांच्या आहेत: 'नायजर माम्बो' बॉबी बेन्सन यांची आणि 'मिस्टरी ऑफ लव्ह' घानाचे ढोलवादक गाय वॉरन यांची. दुसरी वेस्टन यांनी आयुष्यभर वाजवली. एक संध्याकाळ या तबकडीला पुरते.

पायरी चौथी: पियानो बाजूला ठेवा, गनावा ऐका

१९६७ मध्ये अमेरिकी सरकारच्या सांस्कृतिक दौऱ्यावर वेस्टन तीन महिने आफ्रिकेत फिरले. शेवटचा मुक्काम मोरोक्को. दौऱ्यानंतर ते तिथेच राहायला गेले आणि तांजिएर शहरात 'आफ्रिकन ऱ्हिदम्स' नावाचा क्लब चालवला. १९७२ पर्यंत ते तिकडे होते. तिथे त्यांना गनावा भेटले.

गनावा म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडून गुलाम, सैनिक म्हणून मोरोक्कोत नेलेल्या लोकांचे वंशज. त्यांचा मुख्य विधी म्हणजे लीला. आपल्या लीलेशी या शब्दाचं नातं नाही. अरबीत त्याचा अर्थ रात्र. रात्रभर चालणारा हा विधी, एकेका दैवी शक्तीला तिच्या रंगाने, धूपाने आणि तिच्याच गाण्याने पाचारण करायचं, ज्याच्या अंगात येईल त्याने नाचायचं, आणि त्यातून दुखणं हलकं व्हायचं. गोंधळ पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

मुख्य वाद्यं दोन. गेंब्री हे तीन तारांचं खर्जातलं वाद्य: अखंड लाकूड कोरून केलेलं लांबट खोकं, त्यावर उंटाचं कातडं, आतड्याच्या तारा. उस्तादाला मालेम म्हणतात. तो बोटाने तार छेडतो आणि त्याच हाताने कातड्यावर थापही मारतो, म्हणजे सूर आणि ढोल एकाच हातात. दुसरं क्राकेब: हाताच्या दोन्ही पंजांत धरायच्या लोखंडी जोड्या, मधे निमुळत्या आणि दोन्ही टोकांना गोल. चिपळ्यांसारख्या धरतात, पण आवाज टाळांपेक्षा कोरडा, आणि पाच-सहा जण एकत्र वाजवू लागले की कान भरून जातात.

वेस्टन यांच्या पुढाकाराने सप्टेंबर १९९२ मध्ये माराकेशला मोरोक्कोच्या वेगवेगळ्या गावांतले मालेम एकत्र आले आणि त्यांचं वादन ध्वनिमुद्रित झालं. 'द स्प्लेंडिड मास्टर गनावा म्युझिशियन्स ऑफ मोरोक्को' हे त्याचं नाव. वेस्टन यांचा पियानो त्यात जेमतेम एका ठिकाणी आहे. स्वतःच्या नावाच्या तबकडीत एवढं मागे सरकून बसणारा वादक माझ्या पाहण्यात दुसरा नाही.

हे ऐकताना क्राकेबचा एक घोळका पकडा आणि तो तिश्र की चतुश्र ते ठरवायचा प्रयत्न करा. ठरणार नाही. ठोके तीनाच्या आणि चाराच्या मधे कुठेतरी पडतात, आणि लय वाढत गेली की तोल हळूच एका बाजूला सरकतो. हे स्वरलिपीत नीट उतरत नाही. तबला शिकलेल्यांना इथे सुरुवातीला अस्वस्थ वाटेल, मात्रा चुकतेय असं वाटेल. चुकत नाही. दुसऱ्या पायरीचा सराव आठवा, हात टेबलावर ठेवा आणि मोजणं सोडून द्या. मग गेंब्रीकडे जा. सुरावट मोजक्या स्वरांची आणि आखूड. तीच फिरते, पण दर आवर्तनात एखादा स्वर उशिरा येतो, एखादी थाप वाढते. ही गेंब्रीची चाल तोंडाने म्हणता येईपर्यंत पुढे जाऊ नका.

पायरी पाचवी: 'ब्लू मोझेस' दोनदा

गनावांच्या परंपरेत सिदी मूसा (मूसा म्हणजेच मोझेस) ही पाण्याशी जोडलेली दैवी शक्ती, त्यांचा रंग निळा. त्यांच्या चालीवर वेस्टन यांनी 'ब्लू मोझेस' बांधली. चाल विधीतली, पवित्र. ती बाहेर वाजवायला गनावांकडून आधी नकार मिळाला. वेस्टन थांबले, आणि होकार आल्यावरच त्यांनी ती मंचावर आणली. दुसऱ्याच्या परंपरेतून काही घेणाऱ्या प्रत्येकाने शिकावी अशी ही गोष्ट आहे.

पहिलं रूप १९७२ चं, त्याच नावाच्या तबकडीतलं. निर्मात्यांच्या आग्रहामुळे वेस्टन इलेक्ट्रिक पियानो वाजवतात, आणि डॉन सेबेस्की यांनी मोठा वाद्यमेळ लिहिला आहे. फ्रेडी हबर्ड यांचा ट्रम्पेट झळाळतो. तबकडी खूप खपली. वेस्टन स्वतः तिच्यावर खूश नव्हते. मला ती आवडते, पण त्यांची तक्रार कानाला पटते: इलेक्ट्रिक पियानोचा खर्ज मऊ आहे, थाप लागत नाही, त्यामुळे गेंब्रीची चाल ऐकू येते पण गेंब्रीचं कातडं ऐकू येत नाही.

दुसरं रूप १९९१ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स' या दोन तबकड्यांच्या संचातलं. पियानो लाकडाचा, वाद्यमेळ लिस्टन यांचा, सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स, आणि खरी गेंब्री व क्राकेबही आहेत. १९८५ मध्ये पक्षाघाताचा झटका येऊन लिस्टन यांचं वादन थांबलं होतं. हे काम त्यांनी त्यानंतर केलेलं आहे.

दोन्ही रूपं एकापाठोपाठ लावा. एकच प्रश्न विचारायचा: गेंब्रीची चाल आत्ता कोणाच्या हातात आहे? बासच्या, पियानोच्या डाव्या हाताच्या, की खुद्द गेंब्रीच्या? ती एका हातातून दुसऱ्या हातात जाते ते क्षण कागदावर टिपून ठेवा. दुसऱ्या रूपात पियानोचे खालचे स्वर गेंब्रीला लागून वाजतात तेव्हा दोघांमधला फरक पुसट होतो. वेस्टन लांब बोटांनी मंद्रातला स्वर दाबत नाहीत, त्यावर थाप मारतात, आणि लाकूड बोलतं.

पायरी सहावी: एकटा पियानो

आता बाकी सगळे काढून टाका. १९७४ चं 'ब्लूज टू आफ्रिका' हे एकट्या पियानोचं ध्वनिमुद्रण घ्या. 'कुचेझा ब्लूज' इथे पुन्हा भेटतो. तिसऱ्या पायरीत वीसहून अधिक माणसांनी वाजवलेली गोष्ट आता दोन हातांत आहे. ओलातुंजींचा ढोल कुठे गेला? डाव्या हातात शोधा. लिस्टन यांचे ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी वाद्यं) कुठे गेले? उजव्या हाताचे जाड, टोचरे स्वरपुंज ऐका. ज्याला आधीच्या पायऱ्या न करता हे ध्वनिमुद्रण ऐकवाल त्याला ते चांगला पियानो वाटेल. तुम्हाला त्यात गर्दी ऐकू येईल.

हे जमलं की सप्टेंबर १९९२ मध्येच माराकेशमध्ये वाजवलेलं 'माराकेश इन द कूल ऑफ द इव्हिनिंग' ऐका. त्याबद्दल मी काही सांगत नाही, तोवर तुम्हाला माझी गरज उरलेली नसेल.

नंतरच्या काळातलं 'झेप तेपी' (२००६) तिघांच्या मेळासाठी घ्या. ॲलेक्स ब्लेक बासच्या तारा अशा झोडपतात की गेंब्रीच आठवते, आणि नील क्लार्क यांचे ढोल आहेत, ड्रमसेट नाही. बिली हार्पर यांच्यासोबतचं 'द रूट्स ऑफ द ब्लूज' (२०१३) उतारवयातलं, फक्त दोघांचं.

शेवटची बैठक लांब ठेवा. २४ सप्टेंबर १९९९ रोजी ब्रुकलिनमधल्या लफायेट ॲव्हेन्यूवरच्या चर्चमध्ये वेस्टन यांचा जथा आणि मोरोक्कोहून आलेले गनावा उस्ताद एकत्र वाजले. त्याचं ध्वनिमुद्रण 'स्पिरिट! द पॉवर ऑफ म्युझिक' या नावाने आहे. चर्चच्या दगडी भिंतींत क्राकेब घुमतात, खर्ज रेंगाळतो. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर शेजाऱ्यांना सांगून ठेवा, कारण हे हळू आवाजात ऐकण्यात अर्थ नाही. पाय जमिनीवर टेकवून, अनवाणी बसा. खर्ज आधी तळव्यांना लागतो, कानाला नंतर.